माघ-फाल्गुनातील पक्षीफेरी : फवारणीचा पंप उचलण्याआधी शेत, नदीकाठ आणि रान पाहून घ्या

फेब्रुवारी-मार्च हा हरभऱ्याच्या घाट्यांचा, आंब्याच्या मोहोराचा आणि पळस-सावरीच्या फुलांचा काळ. थंडीला आलेले पाहुणे पक्षी याच काळात परतीच्या तयारीत असतात आणि स्थानिक पक्ष्यांची घरटी सुरू होतात. सकाळचे अडीच तास काढून गटाने केलेली पक्षीफेरी पिकाच्या निर्णयाला कशी उपयोगी पडते, हे मुळशी तालुक्यातील घोटावडे (जि. पुणे) परिसराच्या उदाहरणावरून पाहू.

घोटावडे परिसरच का?

घोटावडे हे मुळा नदीच्या खोऱ्यातील गाव. पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य रांग आणि मुळशी धरण, तर पूर्वेला हिंजवडीच्या उंच इमारती. खरिपात इंद्रायणी, आंबेमोहोर यांसारखा भात. भात निघाला की खाचरातील ओलीवर हरभरा, वाल, मसूर. पाण्याची सोय असेल तेथे गहू, ऊस आणि भाजीपाला, अशी येथील पीकपद्धती आहे. खाचरे संपली की गवताळ उतार, त्यावर राबासाठी राखलेली झाडे आणि वरच्या अंगाला रान. मुळशी तालुका देवरायांसाठीही ओळखला जातो. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हापासून या भागातील राया अभ्यासकांना परिचित आहेत.

पक्षी पाहायला लोक भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर किंवा निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वरला जातात. नांदूर मधमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर पाणथळ. तेथे जरूर जावे. पण शेतकऱ्याला ज्या पक्ष्यांचा रोजचा उपयोग किंवा उपद्रव आहे, ते पाहायला गावाबाहेर जावे लागत नाही. शेत, पाणी आणि रान ही तीनही ठिकाणे ज्या गावात पायी अंतरावर आहेत, तेथे एका सकाळी पन्नासभर जातींचे पक्षी नोंदवणे अवघड नसते.

या फेरीला माघ-फाल्गुन सोयीचा असण्याची तीन कारणे आहेत.

- पानगळीमुळे सावर, पळस, पांगारा ही झाडे उघडी असतात; पक्षी पानाआड दडत नाहीत.
- ओढे आटू लागल्याने पाणपक्षी उरलेल्या डोहांवर एकत्र येतात.
- विणीच्या हंगामामुळे नर गाऊ लागतात. न दिसणारा पक्षीही आवाजावरून ओळखता येतो.

फेरीची तयारी

- वेळ : सूर्योदयाच्या सुमारास निघावे आणि साडेनऊपर्यंत संपवावे. त्यानंतर ऊन चढते आणि पक्षी सावलीला जातात.
- गट : आठ ते दहा जण पुरेत. गटात एक जण शेतावर रोज राबणारी व्यक्ती हवीच. पक्षी कोठे बसतो आणि काय खातो, हे तिने पाहिलेले असते.
- साहित्य : ८ × ४० किंवा ८ × ४२ ची एक दुर्बीण गटात असली तरी चालते. सोबत वही, पेन, मीटरपट्टी आणि पाणी. कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे असावेत.
- ओळख : डॉ. सालिम अली यांचे १९४१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेले भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक आजही वापरात आहे. मराठी नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ आहे. मोबाईलवर ‘मर्लिन’ हे अ‍ॅप आवाजावरून ओळख सुचवते. मात्र त्याने सुचवलेले नाव डोळ्याने पडताळूनच लिहावे.
- नाव माहीत नसेल तर : गावात चालणारे नाव लिहावे आणि रंग, आकार, चोच, बसण्याची जागा नोंदवावी. पक्षी काय करत होता, ही नोंद नावापेक्षा जास्त कामाची आहे.

पहिला थांबा : हरभऱ्याचे खाचर

फेरी हरभऱ्यापासून सुरू करावी, कारण येथे निर्णय घ्यायचा असतो. घाटेअळीची एक अळी तिच्या आयुष्यात ३० ते ४० घाट्यांचे नुकसान करू शकते. त्यामुळे घाटे धरताना शेतकरी धास्तावलेला असतो आणि शेजाऱ्याने पंप काढला की आपणही काढतो. अशा फवारणीपैकी किती गरजेची होती, हे कोणीच तपासत नाही.

खाचराच्या बांधावर पंधरा मिनिटे न बोलता उभे राहावे. पुढील पक्षी दिसतात का ते पाहावे.

- कोतवाल : काळा, दुभंगलेल्या लांब शेपटीचा. तारेवर, खांबावर किंवा म्हशीच्या पाठीवर बसतो आणि उडता किडा हवेत टिपून पुन्हा त्याच जागी येतो. तो पहाटे लवकर कामाला लागतो आणि तिन्हीसांजेपर्यंत शिकार करतो. घाटेअळीचे पतंग संध्याकाळनंतर सक्रिय होतात, म्हणून त्याचे हे उशिरापर्यंत बसणे महत्त्वाचे.
- वेडा राघू : हिरवा, बारीक, शेपटीतून सुईसारखी दोन पिसे निघालेला. मुख्य अन्न उडणारे कीटक. त्यात मधमाश्याही आल्या. मधुमक्षिकापेट्या ठेवणाऱ्यांनी पेट्या तारांच्या थेट खाली ठेवू नयेत.
- साळुंकी आणि गायबगळा : दोघेही जमिनीवर चालत अळ्या, नाकतोडे, किडे वेचतात. पाणी सोडल्यावर किंवा कुळव फिरल्यावर यांची गर्दी होते.
- खाटीक : डोळ्यावर काळी पट्टी, आकडेदार चोच. नाकतोडे, सरडे, उंदराची पिले पकडून बाभळीच्या काट्याला टोचून ठेवतो.
- गप्पीदास आणि धोबी : हिवाळी पाहुणे. गप्पीदास झुडपाच्या शेंड्यावर बसून किडे टिपतो, तर धोबी ओलसर मातीत शेपटी हलवत फिरतो. एप्रिल सरता सरता बहुतेक परततात.
- नीलपंख : बसला की मातकट, उडाला की निळा. भुंगेरे, टोळ आणि मोठे किडे ही त्याची आवड.

*पक्षीथांबे कामाचे आहेत का, हे कसे ओळखावे?*

हरभऱ्यात एकरी साधारण २० (हेक्टरी ५०) पक्षीथांबे लावण्याची शिफारस आहे. इंग्रजी ‘टी’ आकाराची काठी पिकापेक्षा एक ते दीड फूट उंच ठेवावी. पेरणीच्या वेळी बियाण्यात थोडी ज्वारी मिसळली तर तिची ताटेच थांब्याचे काम करतात. अनेक जण थांबे लावतात आणि विसरतात. फेरीत प्रत्येक थांब्याखालची माती पाहावी. पांढरी विष्ठा असेल तर थांबा वापरात आहे. कोतवाल, वेडा राघू आणि खाटीक किड्यांचे न पचलेले भाग गोळीच्या रूपात तोंडावाटे टाकतात. ती गोळी फोडली तर पंखांचे तुकडे, भुंगेऱ्यांची कवचे दिसतात आणि पक्ष्याने काय खाल्ले ते शेतकऱ्याला स्वतःच्या हातावर पाहता येते. ज्या थांब्याखाली काहीच नाही, तो झाडापासून फार दूर किंवा अगदी वर्दळीच्या कडेला असतो. त्याची जागा बदलावी.

पक्षी पाहून झाले की लगेच अळ्या मोजाव्यात. शेतात दहा ठिकाणी प्रत्येकी एक मीटर ओळ निवडावी, झाडे हलवून आणि घाटे उघडून अळ्या मोजाव्यात. सरासरी मीटर ओळीत एक ते दोन अळ्या किंवा कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस ८ ते १० पतंग, ही आर्थिक नुकसानीची पातळी समजतात.

उदाहरण घेऊ. दहा ठिकाणी मिळून ६ अळ्या आढळल्या, म्हणजे मीटरला सरासरी ०.६. सापळ्यात रोज तीन-चार पतंग. कोतवाल आणि साळुंक्या शेतात उतरत आहेत. अशा वेळी रासायनिक फवारणी करू नये; तीन दिवसांनी पुन्हा मोजावे. अळ्या लहान असतील तर ५ टक्के निंबोळी अर्क किंवा घाटेअळीचा विषाणू (एचएएनपीव्ही) हेक्टरी ५०० एलई संध्याकाळी फवारावा, म्हणजे उन्हाने विषाणू निकामी होत नाही. हा विषाणू पक्ष्यांना अपाय करत नाही. उलट रोगट अळी खाल्लेल्या पक्ष्याच्या विष्ठेतून तो शेतात इतरत्र पोहोचतो.

पण दहा ठिकाणी १५ अळ्या निघाल्या, तर पक्षी आहेत म्हणून थांबू नये. पक्षी किडीची संख्या कमी पातळीवर रोखून धरतात. उद्रेक झाला की त्यांच्याने तो आवरत नाही. घाट्यात शिरलेली अळी तर त्यांना सहज दिसतही नाही. अशा वेळी लेबल दावा असलेले कीटकनाशक योग्य मात्रेत वापरावे आणि फवारणी पक्ष्यांच्या सकाळच्या चरण्याच्या वेळी टाळावी.

दुसरा थांबा : नदीकाठ, ओढा आणि ओली खाचरे

हरभऱ्यातून नदीकडे उतरावे. पाण्याच्या कडेला जाताना आवाज न करता, झाडाच्या आडोशाने जावे. येथे साधारण चार गट दिसतात.

- काठावर उभे राहणारे : ढोकरी (वंचक), राखी बगळा, मोठा बगळा. ढोकरी बसली की मातीत मिसळते आणि उडाली की पांढरी दिसते. बेडूक, खेकडे, मासे हे त्यांचे खाद्य. भातखाचरात खेकडे बांध पोखरतात, त्यामुळे खरिपातही ही मंडळी उपयोगाची.
- चिखल चाळणारे : तुतवार, शेकाट्या, काळा शराटी. शराटी आपली लांब वाकडी चोच मातीत खुपसून अळ्या आणि किडे काढतो. नांगरलेल्या रानातही तो उतरतो.
- पाण्यावर तरंगणारे : टिबुकली, हळदी-कुंकू बदक आणि थंडीत चक्रवाक. हळदी-कुंकू बदकाच्या चोचीवर कपाळाजवळ लाल ठिपके आणि टोकाला पिवळा रंग असतो, म्हणून हे नाव.
- वरून झेपावणारे : खंड्या, धीवर आणि घार. काळा-पांढरा धीवर एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि सरळ पाण्यात सूर मारतो. त्याला मासा दिसण्याइतके पाणी स्वच्छ लागते.

या शेवटच्या वाक्यात नदीकाठच्या शेतकऱ्याला कामाची गोष्ट आहे. लांब लाल पायांचा शेकाट्या सांडपाणी मिसळलेल्या उथळ पाण्यातही सुखाने चरतो, कारण तेथे त्याला लागणारे किडे भरपूर असतात. एखाद्या डोहावर दरवर्षी शेकाटे वाढत आहेत आणि धीवर दिसेनासा झाला आहे, तर पाण्याची तपासणी करून घ्यावी. केवळ पक्ष्यांवरून निष्कर्ष काढू नये; मात्र पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत नेण्याची वेळ आली, हे ते सांगतात. त्याच पाण्यावर आपला भाजीपाला पिकतो.

पुण्याला लागून असलेल्या गावांत ओढे बुजवणे, पाणथळ जागेवर भराव टाकणे हे नित्याचे झाले आहे. पाणथळ जागा पडीक दिसते, पण पावसाचे पाणी ती अडवते, विहिरींना पाझर देते आणि पुराचा जोर कमी करते. ग्रामसभेत हा विषय मांडताना दोन-तीन वर्षांच्या पक्षीनोंदी हाती असतील, तर ‘येथे काहीच नाही’ या म्हणण्याला तारखेनिशी उत्तर देता येते.

तिसरा थांबा : बांधावरची झाडे, उतार आणि देवराई

नदीवरून वर चढताना बांधावरच्या झाडांपाशी थांबावे. फुललेली सावर म्हणजे पक्ष्यांचे चहाचे हॉटेल. मधासाठी साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, सूर्यपक्षी, हळद्या यांची ये-जा चालते. भोरड्यांचा गुलाबी-काळा थवाही येथे दिसू शकतो. मध्य आशियातून येणारा हा पाहुणा ज्वारीच्या पट्ट्यात दाणे खाऊन नुकसान करतो, पण त्याच्या मायदेशी तो टोळ खाण्यासाठी प्रसिद्ध आहे. चीनच्या शिनजियांग प्रांतात टोळांच्या नियंत्रणासाठी भोरड्यांना घरट्यांच्या जागा मुद्दाम करून दिल्या जातात.

सुकलेल्या फांदीवर ‘टुक-टुक’ असा एकसुरी आवाज काढणारा छोटा हिरवा पक्षी म्हणजे तांबट. तो वाळलेल्या खोडात घरटे कोरतो. पुढे ही ढोली इतर लहान पक्ष्यांनाही उपयोगी पडते. मोठ्या जुन्या ढोलीत राखी धनेश, पोपट आणि पिंगळा राहतात. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर तिला बाहेरून फळे, किडे भरवतो. नर मारला गेला तर मादी आणि पिले दोन्ही अडचणीत येतात. म्हणून ढोली असलेले जुने झाड ‘वाळलेय’ म्हणून तोडू नये.

देवराईत शिरताना चपला काढण्याचा रिवाज असेल तर तो पाळावा आणि आवाज कमी ठेवावा. वड, उंबर, जांभूळ यांची फळे खाणारे पक्षी बिया दूर नेतात. डोंगरावर माणसाने न लावलेली कितीतरी झाडे अशीच उगवलेली असतात. घाणेरीचा प्रसारही पक्षीच करतात, हेही लक्षात ठेवावे.

*आंबा बागायतदारांसाठी :* चिमणीहूनही लहान असा फुलटोचा आंब्यावरील बांडगुळाची फळे खातो. चिकट बी तो फांदीवर पुसतो आणि तेथे नवे बांडगूळ रुजते. यात पक्ष्याला दोष देऊन उपयोग नाही. फेरीत बांडगूळ असलेली झाडे नोंदवून ठेवावीत आणि फळ पिकण्याआधीच त्याच्या मुळापासून थोडे मागे घेऊन फांदी छाटावी.

उंदीर आणि घुबड

भात निघाल्यावर उंदीर बांधात आणि हरभऱ्यात येतात. दिवसा त्यांच्यावर कापशी घारीची नजर असते. पांढरट करडी, लाल डोळ्यांची ही घार हवेत एका जागी फडफडत थांबते. रात्रीचे काम गव्हाणी घुबड आणि पिंगळा करतात. गव्हाणी घुबडाच्या खाद्यात उंदीर-घुशींचा वाटा सर्वांत मोठा असतो. जुन्या वाड्यात, गोठ्याच्या माळ्यावर ते राहते. काही घरांत त्याला अशुभ मानून हुसकावतात. पण लक्ष्मीचे वाहन म्हणून ज्याला आपण ओळखतो, ते धान्याच्या कणगीजवळ राहत असेल तर त्यात अशुभ ते काय?

घुबड जेथे बसते त्याखाली करड्या, केसाळ गोळ्या पडलेल्या असतात. त्या कोमट पाण्यात भिजवून सोडवल्या की उंदराच्या कवट्या आणि हाडे निघतात. शाळेतील मुलांना हे काम फार आवडते आणि एका गोळीत किती उंदीर आहेत, ते मोजताही येते.

उंदरांसाठी विषारी आमिष वापरावेच लागले तर ते बिळात टाकून बीळ बुजवावे. मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरावेत. विष खाल्लेला उंदीर घुबडाने किंवा घारीने खाल्ला, तर पुढच्या वर्षीचा राखणदारच जातो.

नुकसान करणाऱ्या पक्ष्यांचे काय?

प्रत्येक फेरीत हा प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. पोपट हरभऱ्याचे घाटे आणि पेरू कुरतडतात. मुनिया आणि चिमण्या गहू-ज्वारीच्या चिकातील दाण्यावर येतात. मोर उगवते कोंब उपटतो. हे नुकसान खरे आहे. त्यासाठी पुढील उपाय करावेत.

- ज्वारी, बाजरी, गहू या पिकांत दाणे चिकात आले की पक्षीथांबे काढून टाकावेत, नाहीतर तेच दाणे खाणाऱ्यांच्या सोयीचे होतात. हरभऱ्यातील थांबे मात्र राहू द्यावेत.
- चमकणारी लाल-रुपेरी फीत पीळ देऊन पिकाच्या वर बांधावी. पक्षी काही दिवसांत सरावतात, म्हणून ती दाणे भरण्याच्या ऐन काळातच लावावी; महिनाभर आधी लावू नये.
- बुजगावण्याची जागा आणि कपडे दर दोन-तीन दिवसांनी बदलावेत.
- राखण सकाळी पहिले दोन तास आणि सूर्यास्तापूर्वीचे दोन तास करावी. पक्ष्यांचे चरणे याच वेळी जास्त असते.
- गावात एकाच वेळी पेरणी झाली तर नुकसान विभागले जाते. एकट्याचे पीक आधी किंवा उशिरा आले की सगळे थवे तेथेच उतरतात.

दाणे खाणारी चिमणी आपल्या पिलांना प्रामुख्याने किडे भरवते, हेही विसरू नये. चीनमध्ये १९५८ मध्ये धान्य खाते म्हणून चिमणी मारण्याची देशव्यापी मोहीम निघाली. पुढे किडींचा उपद्रव वाढला आणि १९६० मध्ये चिमणीला त्या यादीतून वगळावे लागले. तिच्या जागी ढेकणाचे नाव घातले गेले.

पक्षी पकडणे, मारणे, घरटी किंवा अंडी नष्ट करणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. दाण्यांना विष चोळून टाकणे तर कोणत्याही स्थितीत करू नये. त्यात कोंबड्या, कुत्री आणि शेजाऱ्याचे जनावरही मरते.

फाल्गुनात या चार गोष्टी सांभाळा

१. वणवा : ‘गवत चांगले फुटते’ म्हणून डोंगर पेटवला जातो. चंडोल, तित्तीर, लावा, रातवा हे जमिनीवर राहणारे आणि तेथेच अंडी घालणारे पक्षी. आग लागली की त्यांचा आसरा आणि घरटी जातात. उघड्या झालेल्या उताराची माती पहिल्या पावसात वाहून खाली आपल्याच खाचरात येते. गवत कापून वैरण करावी आणि शेताच्या सीमेवर जाळरेषा घ्यावी.

२. राब : भाताच्या रोपवाटिकेसाठी झाडांच्या फांद्या तोडून भाजण्याची रीत मुळशी-मावळात जुनी आहे. फांद्यांची तोड आणि घरट्यांचा हंगाम एकत्र येतो. राबाला पर्याय म्हणून गादीवाफा करावा आणि त्यात चारसूत्री पद्धतीप्रमाणे भाताच्या तुसाची राख मिसळावी. राखेतील सिलिकामुळे रोपे कणखर होतात. बांधावर गिरिपुष्प लावल्यास हिरवळीचे खत मिळते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच्या गुलाबी फुलांवर सूर्यपक्षी येतात. राब लगेच बंद करणे जमत नसेल, तर ज्या झाडावर घरटे आहे ते झाड तेवढे वगळावे.

३. बांध आणि दरडी : वेडा राघू आणि खंड्या ओढ्याच्या उभ्या दरडीत बोगद्यासारखे बीळ करून अंडी घालतात. जेसीबीने दरड तासायची असेल तर काम विणीआधी उरकावे किंवा पावसाळ्याच्या तोंडापर्यंत थांबावे. टिटवी उघड्या रानात खड्यांमध्येच अंडी घालते, बहुधा चार. अंडी उबायला सुमारे चार आठवडे लागतात. उन्हाळी नांगरटीत अंडी दिसली तर चारही बाजूंनी खुंट्या रोवून तेवढा चौकोन सोडावा. टिटवीने अंडी उंचावर घातली की पाऊस जास्त, असे म्हणतात. पेरणीचे नियोजन मात्र हवामान विभागाच्या अंदाजावरच करावे.

४. औषधे : कीटकनाशक चोळलेले बियाणे मातीआड करावे, सांडलेले गोळा करावे. जनावरांना वेदनाशामक देताना पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ पासून बंदी आहे, कारण ते दिलेल्या मृत जनावराचे मांस खाऊन गिधाडे मोठ्या संख्येने मेली. २०२३ मध्ये असेक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन यांवरही बंदी आली. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांसाठी सुरक्षित पर्याय आहे.

नोंदवही कशी ठेवावी?

एका पानावर एक फेरी. पुढील रकाने पुरेसे आहेत.

- तारीख, वेळ, ऊन/ढग, वारा
- ठिकाण आणि पिकाची अवस्था (फुलोरा, घाटे, चिकातील दाणा)
- पक्षी, संख्या, काय करत होता (बसला, किडे खाल्ले, दाणे खाल्ले, घरट्यासाठी काड्या नेल्या)
- मीटर ओळीतील सरासरी अळ्या, सापळ्यातील पतंग
- मागील फवारणी : औषध आणि तारीख
- निर्णय : थांबणे, जैविक उपाय किंवा रासायनिक उपाय

फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून मार्चअखेरपर्यंत दर पंधरा दिवसांनी एक, अशा चार-पाच फेऱ्या कराव्यात. वाट आणि थांबे तेच ठेवावेत, म्हणजे तुलना करता येते. हरभरा घाट्यात असताना अळ्यांची मोजणी मात्र दर तीन-चार दिवसांनी हवी; तिच्यासाठी फेरीची वाट पाहू नये. फेब्रुवारीत चार दिवस जगभर होणाऱ्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’मध्ये आपल्या नोंदी ‘ईबर्ड’वर देता येतात. विस्तार कार्यकर्त्यांनी ही फेरी शेतीशाळेच्या एका वर्गाला जोडावी. मित्रकीटकांची ओळख आपण करून देतोच. त्याच तासात मित्रपक्ष्यांची भर घालावी.

बाहेरचे पाहुणे येणार असतील तर

पुणे, हिंजवडीहून पक्षी पाहायला येणाऱ्यांची संख्या मोठी आहे. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले आहे, त्यामुळे न्याहारी, वाटाड्या आणि फेरी अशी जोड शेतीला देता येते. मात्र नियम शेतकऱ्याने ठरवावेत आणि सुरुवातीलाच सांगावेत. पिकातून न चालता बांधावरून चालावे. घरट्यापासून लांब राहावे आणि त्याचा फोटो काढण्यासाठी फांद्या बाजूला करू नयेत. पक्षी बोलावण्यासाठी मोबाईलवर त्याचा आवाज लावू नये. विणीच्या काळात तो प्रतिस्पर्धी समजून घरटे सोडून धावतो. घुबडावर फ्लॅश मारू नये. घरट्याचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये. फवारणी झालेल्या शेतात पाहुण्यांना नेऊ नये. लहान मुलांबाबत तर हे काटेकोर पाळावे.

वाटाड्या म्हणून गावातील तरुण-तरुणींना तयार करावे. गुरे राखणाऱ्या आजोबांना कोणता पक्षी कोणत्या झाडावर येतो, हे ठाऊक असते. त्यांची माहिती आणि मुलांच्या हातातली दुर्बीण एकत्र आली की चांगला वाटाड्या घडतो.

थोडक्यात महत्त्वाचे

- घाटे भरत असताना आधी पक्षी पाहा, मग अळ्या मोजा, त्यानंतरच पंपाचा विचार करा.
- पातळीखाली अळ्या आणि शेतात किडे खाणारे पक्षी असतील तर तीन दिवस थांबून पुन्हा मोजा. पातळी ओलांडली असेल तर वेळ घालवू नका.
- दाण्याच्या पिकात चिकाच्या अवस्थेत थांबे काढा, हरभऱ्यात ठेवा.
- ढोलीचे झाड, ओढ्याची दरड आणि नदीकाठची पाणथळ जागा राखा. कोतवाल, पिंगळा आणि वेडा राघू यांची वस्ती तेथेच असते.
- यंदाची नोंदवही जपून ठेवा. पुढच्या माघात तीच पहिल्यांदा उघडायची आहे.